उपग्रह अकरा वाजता येतो



किनारा आराखड्याच्या नकाशांचे फोटो परत मोबाइलवर फिरायला लागलेत. सोसायटीत बर्फाची पावती करायला आलेला माणूससुद्धा आधी मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "हे बघ, आमची जागा हिरवी कशी दाखवली? मानस कुठे गेली? आमच्या बायका तिसऱ्या काढतात तिथे नुसतं निळं पाणी कसं?" कोणी म्हणतो, मुद्दाम केलंय. कोणी म्हणतो, उपग्रहाचा नकाशा आहे तो, चुकेल कसा. मला दोन्ही पटत नाही. नकाशा कसा बनतो हे कळलं तर तो कुठे चुकतो ते आपल्यालाच दाखवून देता येईल, आणि ते दाखवायला आपल्यासारखं दुसरं कोणी नाही.

मी बारावी झालेला माणूस, इंजिनियर नव्हे. पण या विषयावर बरंच वाचलं, जाणकारांना विचारलं. जेवढं नीट समजलं तेवढंच लिहितो. लांबलंय, पण सावकाश वाचा.

उपग्रहाचं चित्र म्हणजे चौकोनांची चटई. प्रत्येक चौकोनाला पिक्सेल म्हणतात. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह आहे, पहिला २०१५ साली सोडला, त्याची चित्रं सगळ्यांना फुकट मिळतात. त्याचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर. अमेरिकेच्या लँडसॅटचा ३० मीटरचा. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटवरचा लिस-३ कॅमेरा साडेतेवीस मीटरचा, लिस-४ साधारण ५.८ मीटरचा. एका चौकोनात एकच हिशेब असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किती. हिरवं पान इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं आणि लाल गिळतं. म्हणून इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं, की झाडी किती दाट याचा आकडा मिळतो. पाणी इन्फ्रारेड जवळजवळ सगळं गिळतं, ते काळं दिसतं. एवढ्यावर पाणी, झाडी, वाळू वेगळी करता येतात. अनेक वर्षं असंच चाललं. प्रत्येक चौकोनाला एकेकटं विचारायचं, बाबा तू कोण?

त्यात अडचण कुठे येते ते आपल्या भाषेत सांगतो. टोपली ओतली आणि कोणी डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक मासा हातात दिला, फक्त रंगाचा नंबर सांगितला आणि म्हणाला, ओळख. बांगडा आणि तारली दोन्ही चंदेरी. चुकणारच. आपण मासा ओळखतो तो रंगावर नाही. त्याची लांबी, अंगाचा आकार, खवले, तो कुठल्या जाळ्यात आला, बरोबर काय आलं, हे सगळं एकदम बघून ओळखतो. चौकोनाला मात्र आकार नसतो, शेजार नसतो. कांदळ पण हिरवा, माड पण हिरवा, पावसातलं भात पण हिरवं.

१९९९ साली इकोनॉस नावाचा एक मीटरवाला व्यापारी उपग्रह वर गेला, आणि नंतर तसे बरेच आले. त्यावर घर दिसायला लागलं, होडी दिसायला लागली. वाटलं, आता नकाशे बिनचूक होणार. झालं उलटंच. घराच्या कौलाची एक बाजू उन्हात, एक सावलीत. कॉम्प्युटर म्हणाला, हे घर आणि हे पाणी. एका आंब्याच्या झाडात पाच तऱ्हेचे चौकोन. सगळा नकाशा मीठमिरी भुरभुरल्यासारखा. त्या कामातले लोक खरोखरच याला मीठ-मिरपूड म्हणतात.

मग २००० सालच्या सुमारास जर्मनीत म्युनिकला मार्टिन बात्झ आणि आर्नो शेपे यांनी वेगळी रीत काढली आणि ती ईकॉग्निशन नावाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर गेली. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठाचे थॉमस ब्लाश्के यांनी त्यावर पुढे खूप काम केलं, २०१० साली तोवरच्या सगळ्या कामाचा आढावा लिहिला. या रीतीला ऑब्जेक्ट-बेस्ड क्लासिफिकेशन म्हणतात. मी साधं 'तुकड्यांची रीत' म्हणतो.

काम दोन पायऱ्यांत होतं. पहिली पायरी, तुकडे पाडणं. सुरुवातीला प्रत्येक चौकोन एकटा असतो. तो शेजाऱ्याकडे बघतो. दोघांचं जमत असेल, म्हणजे एकत्र आल्यावर फार विजोड होत नसेल, तर ते एक होतात. मग ते दोघं तिसऱ्याकडे बघतात. असं करत करत तुकडा वाढतो. किती विजोडपणा चालवून घ्यायचा ही मर्यादा माणूस आधी ठरवून देतो. ती ओलांडली की तुकडा थांबतो. दुसरी पायरी, तुकड्याला नाव देणं. आता विचारायला बरंच काही आहे: सरासरी रंग कोणता, पोत गुळगुळीत की खडबडीत, क्षेत्र किती, लांबट की गोल, शेजारी कोण. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेत, मधे लांब अरुंद पट्टी, तर तो बांध. चारी बाजूंनी बांध आणि आत पाणी, तर पोंय किंवा कोळंबीचं तळं. हिरवा तुकडा नदीला चिकटलेला आणि जमीन ओली, तर खारफुटी. तोच हिरवा रंग घरांच्या मधे, तर माडांची बाग.

आता ती मर्यादा. तिला स्केल म्हणतात, आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. जाळ्याच्या डोळ्यासारखी समजा. डोळा मोठा ठेवला तर बारीक मासळी निसटते. बारीक ठेवला तर कचरा, शेवाळ, सगळं वर येतं आणि निवडता निवडता रात्र होते. नकाशा करणारा माणूस पूर्ण तालुक्याचं काम हातात घेतो तेव्हा डोळा मोठाच ठेवतो, त्याचा इलाज नसतो. मग बांधावरची मानस, तिच्या आतली पोंय, दोन कांदळांच्या मधली होडी ओढायची वाट, हे सगळं शेजारच्या मोठ्या तुकड्यात विरघळतं. कोणी पुसलेलं नसतं. ते वेगळं उभंच राहिलेलं नसतं.

रंगाला महत्त्व किती आणि आकाराला किती, हेही माणूसच ठरवतो. आकाराला जास्त वजन दिलं तर तुकडे गोलगुटगुटीत, सुबक पडतात. शेतांच्या कुणग्यांना ते बरं. पण तीन मीटर रुंद आणि अर्धा किलोमीटर लांब बांध अशा सुबकपणात मोडून पडतो, अर्धा पाण्यात जातो, अर्धा शेतात. दहा मीटरच्या चौकोनावर तर तो बिचारा आधीच एका चौकोनाच्या तिसऱ्या भागाएवढाच.

आता कायद्याचा आकडा घेऊन बघू. सीआरझेडच्या २०११ च्या आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत खारफुटीचा पट्टा १,००० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर त्याच्या भोवती ५० मीटरचा राखीव पट्टा धरायचा आहे. म्हणजे १,००० चौरस मीटर ही रेघ महत्त्वाची. लँडसॅटचा एक चौकोन ९०० चौरस मीटरचा, म्हणजे आख्खा पट्टा जेमतेम एक चौकोन. लिस-३ चा चौकोन साधारण ५५०, तिथे पट्ट्याचे दोनसुद्धा चौकोन होत नाहीत. सेंटिनेलवर दहा चौकोन. लिस-४ वर तीसच्या आसपास. दहा चौकोनांतून तुकडा पाडायचा तर कडेचे सात-आठ अर्धे पाण्यात अर्धे झाडात. दोन चौकोन इकडचे तिकडे झाले की ८०० किंवा १,२००. जमिनीवर त्याचा अर्थ ५० मीटरची रेघ आहे किंवा नाही.

देशाच्या वन अहवालात डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण खारफुटी मोजतं. २०२१ च्या अहवालात गोव्याची खारफुटी २७ चौरस किलोमीटर दिली आहे. तो नकाशा १:५०,००० प्रमाणावर, आणि त्यात एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा धरत नाहीत. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. कायदा हजारापासून बघतो, तो नकाशा दहा हजारापासून. मधले सगळे तुकडे, म्हणजे आपल्या ओहोळांच्या तोंडाची खारफुटी, त्या आकड्यात नाही. यात त्या खात्याची चूक नाही, त्यांचं काम देशभराची मोजणी करण्याचं आहे. पण त्या नकाशावर बोट ठेवून कोणी "इथे खारफुटी नाहीच" म्हणाला तर तुमच्याकडे हे उत्तर असायला हवं.

आता येतो खाजनाकडे. तुकड्यांच्या रीतीची खरी परीक्षा तिथे होते.

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली सखल जमीन. गोव्यात ती साधारण १८,००० हेक्टर असल्याचं सांगतात. पावसात गोडं पाणी भरतं तेव्हा कोरगुटसारखं खारं सोसणारं भात होतं. कापणीनंतर मानशीतून खारं पाणी आत घेतात, आणि पाण्याबरोबर कोळंबी, शेवटे, कुर्ल्या आत येतात. मानशीवरच्या मासेमारीची पावणी होते, त्यावर बांधाची डागडुजी चालते. निदान चालायची. म्हणजे तीच जागा जुलैत शेत, फेब्रुवारीत तळं.

उपग्रह ही जागा कधी बघतो? जून ते सप्टेंबर ढग. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगापलीकडे दिसत नाही. स्वच्छ चित्रं मिळतात ती मुख्यतः डिसेंबर ते मे. त्या महिन्यांत भात नसतंच. कॉम्प्युटरला दिसतं काय, तर वाळलेली खुंटं, भेगाळलेली जमीन किंवा साचलेलं खारं पाणी. एका चित्रावर नकाशा केला तर या तुकड्याला पडीक म्हणता येईल, पाणथळ म्हणता येईल, मिठागर म्हणता येईल. खाजन म्हणायला मात्र दोन मोसमांची चित्रं लागतात आणि मधला बांध धरावा लागतो. हे करता येत नाही असं नाही. कोणीतरी आधी सांगावं लागतं की या भागात 'खाजन' नावाचा प्रकार आहे. यादीत जे नाव नाही ते कॉम्प्युटर कधीच देणार नाही.

आणखी एक अडचण आहे, ती बोलायला थोडी अवघड आहे. बांध फुटला आणि कोणी बांधला नाही, की पाच-सात वर्षांत तिथे तिवर आणि कांदळ उभा राहतो. नकाशात तो हिरवा तुकडा, नाव खारफुटी. खोटं नाही, झाडं आहेतच. आणि एकदा खारफुटी ठरली की परवानगीशिवाय फांदीला हात लावता येत नाही, बांध परत घालणं तर दूरच. मी खारफुटीच्या विरोधात नाही. कोळंबीची, कुर्ल्यांची, तामशांची पिल्लं कुठे वाढतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या असलेली खारफुटी आणि फुटलेल्या बांधाच्या आत उगवलेली खारफुटी या दोन गोष्टी आहेत, आणि एका दिवसाच्या चित्रातून कुठलीही रीत त्या वेगळ्या करू शकत नाही. जुनी चित्रं लागतात. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि २००८ पासून ती सगळ्यांना मोफत खुली आहेत. त्यात तुकड्याचा बांध कधी तुटला, हिरवा कधी झाला, ते वर्षाच्या फरकाने काढता येतं. ज्यांच्या खाजनाचा असा वाद आहे त्यांनी तो इतिहास काढून ठेवावा, हे माझं स्पष्ट मत.

आपल्यासारखीच गुंतागुंत व्हिएतनामात आहे. तिथे देशाच्या दक्षिण टोकाला का माव नावाचा प्रांत आहे, मेकाँगच्या मुखाच्या बाजूला. त्यांच्याकडे कोळंबीची तळी आणि खारफुटी एकाच शेतात असते, कालवे आणि झाडांच्या रांगा आलटून पालटून. शेतात किती टक्के खारफुटी राखायची याचे सरकारी नियम आहेत, त्यामुळे मोजमाप हा तिथल्या शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न. एकेक चौकोन मोजला तर काही झाड निघतात, काही पाणी, शेत कुठेच दिसत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पॉट-५ उपग्रहाची चित्रं घेऊन तुकड्यांची रीत वापरली आणि तुकड्यातच खारफुटी किती टक्के आहे यावरून वर्ग पाडले. मिश्र जागेला मिश्र म्हणायची सोय केली. मला हे वाचून बरं वाटलं, कारण आपल्याकडेही पोंय, मानस, बांध आणि शेत मिळून एकच गोष्ट आहे. ती चार रंगांत तोडली की तिचा मालक, कूळ, पावणीवाला कोणीच नकाशात राहत नाही.

आता सगळ्यात मजेची गोष्ट, ज्यावरून लेखाला नाव दिलं.

सेंटिनेल-२ असा फिरतो की पृथ्वीवरच्या कुठल्याही जागी तो सूर्याच्या मानाने ठरलेल्या वेळीच येतो, सकाळी साडेदहा. आपल्या घड्याळात गोव्यावर ते होतात अकरा, पाच मिनिटं इकडेतिकडे. लँडसॅट त्याच्या थोडा आधी. इस्रोचे रिसोर्ससॅटही सकाळच्या त्याच सुमाराचे. सूर्य साधारण सारखा असावा, सावल्या सारख्या पडाव्यात म्हणून हे असं केलेलं आहे. त्यात त्यांचा फायदा आहे.

आता आपला जुना हिशेब लावा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमा पंधरा: पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी अकरा वाजता आपल्याकडे पाणी साधारण पूर्ण भरलेलं. आणि अकराला ओहोटी कधी? सप्तमी-अष्टमीला. पण तेव्हा भांग असतो, पाणी चढत पण नाही आणि उतरत पण नाही धड. मोठी ओहोटी, ज्या दिवशी तिसऱ्यांचे, कालवांचे थर उघडे पडतात, ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच-साडेपाचची. त्या वेळी यातला एकही उपग्रह डोक्यावर नसतो.

आपला हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, खाडीत आत गेलं की आणखी उशीर होतो. तरी मुद्दा राहतोच. सेंटिनेल दर पाच दिवसांनी येतो, वर्षाला सत्तरेक वेळा, आणि दहा वर्षं आला तरी आपल्या खाडीचा पूर्ण उघडा तळ त्याला दिसायचा नाही. त्याला कधी भरलेलं पाणी दिसतं, कधी अर्धवट ओला चिखल. चिखलाच्या तुकड्याची कड म्हणजे त्या दिवशी अकरा वाजता पाणी जिथे होतं ती रेघ, एवढाच तिचा अर्थ. अशा तऱ्हेने एकाच वेळेला चित्र घेणाऱ्या उपग्रहांना भरती-ओहोटीचा काही भाग कधीच दिसत नाही, ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही माहीत आहे, त्यांनी त्यावर लिहिलंय. पण कुठल्या खाडीत नेमका कुठला भाग दिसत नाही हे बोटावर मोजून सांगणारा माणूस खाडीतच असतो.

रडारवाले उपग्रह आहेत, सेंटिनेल-१ सारखे. ते सकाळ-संध्याकाळच्या टोकाला येतात, ढगातून, अंधारातून बघतात. त्यातून पाणी कुठपर्यंत उतरलं याचा अंदाज निघतो. पण चिखलात तिसऱ्या आहेत की नुसता गाळ, ते रडारला कळत नाही.

ड्रोनचं चित्र काही सेंटिमीटरचं असतं आणि हव्या त्या वेळी घेता येतं, म्हणजे संध्याकाळच्या मोठ्या ओहोटीला उजेड असताना. तुकड्यांची रीत त्यावर फार चांगली चालते. पण गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे. उत्साहाने कोणी लग्नातला ड्रोन आणून उडवू नका. डिजिटल स्कायच्या नकाशात आपली जागा लाल, पिवळी की हिरवी ते आधी बघायचं, परवानगी घ्यायची.

किनाऱ्याची गोष्ट खाडीपेक्षा वेगळी. रापणीची जागा घ्या. वरून बघितलं तर वाळू. शेजारची वाळू पण वाळू. सकाळी दोर ओढायला तीस-चाळीस माणसं कुठे उभी राहतात, पावसात होड्या कुठे ओढून ठेवतात, जाळी कुठे सुकतात, खारं मासं कुठे पसरतात, हे वाळूच्या रंगात नसतं, आकारात नसतं, शेजारातही नसतं. वापर हा उपग्रहाला न दिसणारा प्रकार आहे. होडीवरची निळी ताडपत्री दिसते, पण एक-दोन मीटरच्या चित्रात ती हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावाच्या रंगाला इतकी जवळची की तुकड्याला 'रिसॉर्ट' नाव मिळालं तर हसायचं की रडायचं.

म्हणूनच २०११ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे की मच्छीमार गावं, मच्छीमारांच्या सामायिक जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा हे सगळं गावपातळीच्या, म्हणजे सर्व्हे नंबर दिसतील अशा नकाशावर दाखवायचं. हे वाक्य पाठ करून ठेवा. ते कॉम्प्युटरने शोधायचं नाही, विचारून भरायचं आहे. गोव्याचा त्या अधिसूचनेवरचा आराखडा मंजूर व्हायला २०२२ साल उजाडलं. मधे २०२१ च्या मार्चमध्ये जनसुनावणी झाली, राष्ट्रीय हरित लवादाने ती परत घ्यायला लावली, जुलैत परत झाली. एवढं होऊन पण किती गावांनी आपल्या जागा सर्व्हे नंबरासकट लिहून दिल्या? घोषणा द्यायला माणसं मिळतात, यादी करायला मिळत नाहीत. आता २०१९ च्या अधिसूचनेवरचे नकाशे आहेत, म्हणजे तीच कसरत परत.

एक सावधगिरी 'अचूकते'बद्दल. नकाशाबरोबर लिहिलेलं असतं, अचूकता ९५ टक्के. ऐकून माणूस गप्प बसतो. ती कशी काढतात बघा. समजा २०० ठिकाणं तपासली. त्यातली १९० समुद्र, जंगल, शेत, घरं अशी. त्यात चार चुकली. दहा ठिकाणं चिखलाची, तिसऱ्या-कालवांच्या जागेची. त्यातली सहा चुकली. एकूण चुका दहा, अचूकता ९५ टक्के. आणि आपल्या जागांची अचूकता? दहातली चार बरोबर, म्हणजे ४० टक्के. दोन्ही आकडे खरे. म्हणून सुनावणीत विचारायचं ते असं: प्रत्येक वर्गाची वेगळी अचूकता किती? चिखलाच्या किती जागा प्रत्यक्ष जाऊन बघितल्या? कुठल्या महिन्यात, कुठल्या ओहोटीला? चित्राची तारीख काय? सर्वात लहान तुकडा केवढा धरला? नकाशा करणारा माणूस प्रामाणिक असेल तर या प्रश्नांनी तो चिडत नाही, उलट वही काढतो. कारण त्यालाही जमिनीवरची खात्रीची ठिकाणं हवीच असतात. त्यावरच तर तो कॉम्प्युटरला शिकवतो.

तेव्हा आपण काय द्यायचं, तर पत्रात 'आमच्यावर अन्याय झाला' लिहून देऊ नका, त्याचं कोणाला काही करता येत नाही. जागेची नोंद द्या. मोबाइलवर लोकेशन चालू करून, मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर थांबून, अक्षांश-रेखांश लिहून घ्या. चार-पाच मीटरचा फरक येतो, चालतो. एकच टिंब नको, जागेच्या कडेने चालत जाऊन वळणावळणावर नोंद घ्या, कारण तुकड्याला कड लागते. तारीख, वेळ, तिथी, पाणी चढतं की उतरतं. चारी दिशांचे फोटो. जागेचं गावातलं नाव, सर्व्हे नंबर. तिथे कोण काय करतं आणि कुठल्या महिन्यांत. मानस असेल तर तिचं नाव, पावणी होते का, दारं कुठल्या बाजूला. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर किंवा गुगल अर्थवर जुनी चित्रं बघता येतात, त्यातलं आपल्या जागेचं चित्र बरोबर जोडलं तर आणखी चांगलं. कॉलेजात जाणारी मुलं क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकली आहेत, दोघा-तिघांनी मदतीची तयारी दाखवली आहे.

येत्या अमावास्येला संध्याकाळच्या ओहोटीला आपण पुलाच्या खालच्या बाजूच्या तिसऱ्यांच्या जागेची कड चालून घेणार आहोत. पाणी साधारण पाच-साडेपाचला पूर्ण उतरेल, म्हणून चारला जेटीवर जमायचं. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांनी जरूर यावं. थर कुठून कुठे आहे हे आम्हा होडीवाल्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. मोबाइल पूर्ण चार्ज करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. कालवांची धार लागते, चपला घालून या. नाव सोसायटीत आदल्या दिवशीपर्यंत द्या, म्हणजे होड्या किती लागतील ते कळेल.